पक्क्या रंगाची मोटार

आमच्या घरात माझ्या उजव्या अंगठ्याला मोठा मान होता. मला स्वतःला तितका नव्हता, पण अंगठ्याला होता. रंगारी सुताच्या लडी सायकलला लटकवून दारात आला, की बाबा मागावरून न उठता हाक मारत, "कुसे, अंगठा आण." मी हातातलं काम टाकून यायची, अंगठा जिभेला लावायची, लडीवर चांगला रगडायची आणि मग आईच्या जुन्या पांढऱ्या लुगड्याच्या तुकड्यावर टेकवायची. तुकडा पांढरा राहिला तर लडी आत, गुलाबी झाला तर लडी पुन्हा सायकलवर. रंगारी माझ्या वडिलांच्या वयाचा आणि मी सतरा वर्षांची काडी. पण "पुढल्या वेळी पक्का करून आणा" हे मी अशा थाटात सांगत असे, की आज कोणी माझ्याशी तसं बोललं तर त्याला मी चहासुद्धा विचारणार नाही.

या थाटामागे एक दुखणं होतं. मी लहान असताना बाबांनी पांढऱ्या अंगाच्या, लाल काठाच्या लुगड्यांचा एक मोठा गठ्ठा विणून व्यापाऱ्याला दिला होता. पहिल्याच धुण्यात काठाचा लाल अंगावर उतरला आणि सगळा गठ्ठा घरी परत आला. मग कित्येक वर्षं आमचे परकर, उशांचे अभ्रे, धाकट्यांची झबली, देवाखालचं वस्त्र, सगळं फिक्या गुलाबी डागांचं. त्यामुळे आमच्याकडे रंग सोडणं हा सर्वांत मोठा अप्रामाणिकपणा होता. चोरी त्याच्यानंतर. एखाद्या माणसाबद्दल बाबा "तो रंग सोडते" म्हणाले, की त्या माणसाचा विषय त्या घरात संपला.

घर पाचपावलीकडच्या गल्लीत. पुढच्या खोलीत दोन माग, जमिनीत खणलेल्या खड्ड्यांचे. विणणारा सागवानी पाटावर बसतो, त्याचे पाय खाली खड्ड्यात पावड्यांवर चालत राहतात आणि वर धोटा इकडून तिकडे धावतो. मी जन्मापासून त्या खट्‌-खटाखट्‌वर झोपलेली. दुपारी माग थांबला की मला जाग येई. पहाटे गल्लीभर उभ्या सुतांचा ताणा पसरायचा, त्याला भाताची खळ लावायची, आणि त्या खळीचा आंबूस वास आमच्या केसांना, पोळ्यांना, पाटी-पुस्तकांना असे. आई चरख्यावर धोट्याच्या कांड्या भरायची आणि भरता भरता चुलीकडे लक्ष ठेवायची. रविवारी मटण. वर बोटभर लाल तर्री, आणि पहिल्या घासाला सगळ्यांच्या नाकातून पाणी. पाहुणा रडला की आई खूश व्हायची.

मग लुगडी खपेनाशी झाली. पॉवरलूमचं कापड स्वस्त पडे. आधी एक माग थांबला. दोन मागांच्या आवाजातून एक वजा झाला, की उरतो तो आवाज घरात लंगडत फिरतो. कामठीला एका कारखान्यात बाबांना मशीनवर काम मिळत होतं, बारा तास उभं राहून, दुसऱ्याच्या मालावर. बाबा नाही म्हणत नव्हते, हो म्हणत नव्हते. अशा वेळी आमचे नत्थूकाका मोटारीची कल्पना घेऊन आले.

नत्थूकाका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. लग्न केलेलं नाही, एका लाकूडठेकेदाराचा ट्रक चालवायचे आणि जेवायला आमच्याकडे. भाकर मोडता मोडता म्हणाले, "दादा, मी जबलपूरले पाहून आलो. नवरदेव उघड्या स्पोर्ट्स मोटारीत बसून राहिला. गळ्यात हार, डोयावर गॉगल. अन् आपल्या इथं काय? बँड वाजला का घोडं मागं मागं सरकते, अन् नवरदेव मानेले लटकलेला. आपण अशी एक जुनी मोटार घेऊ अन् वरातीले देऊ. चालवतो मी."

"किती जन बसते तिच्यात?" आईने विचारलं.

"दोन."

"घरात आपण सहा. बाकीचे चौघं काय मागून धावाचे?"

"वहिनी, आपल्याले नाही बसाचं. नवरदेवाले बसाचं."

"मंग नवरी कुठं बसन?"

"ते त्यायचं ते पाहून घेतील."

आई तोंडाला पदर लावून हसली, पण तिला ते मुळीच पटलं नव्हतं. बाबा तीन दिवस विणत राहिले. चौथ्या दिवशी मागावरून म्हणाले, "मोटार चालली तर मी घरी. नाही चालली तर कामठी." एवढंच. मग थांबलेला माग उमरेडच्या एका माणसाला विकला, आणि उमरेडच्याच वडिलोपार्जित घरातला आपला वाटाही. त्या माणसाने मागाचं सगळं सामान नेलं, बसायचा पाट मात्र सोडला. त्याच्या खड्ड्याला तो मापाचा नव्हता. माझे आजोबा आणि पणजोबा ज्यावर बसून गुळगुळीत करून गेले होते, तो सागवानी पाट भिंतीला टेकून उभा राहिला.

माझ्या डोक्यात तेव्हा ना माग होता, ना कामठी. मी त्या पाटावर बसून हातात सूप धरायची आणि ते डावीकडे-उजवीकडे वळवायची. सुपातली डाळ सांडायची. उघड्या मोटारीत केस कसे उडतील, याचा सराव म्हणून मी पंख्यासमोर वेणी सोडून उभी राहिले होते, हे मला माझ्या मुलांसमोर आजवर सांगवलेलं नाही. इथे लिहिते, कारण मुलं माझं लिहिलेलं वाचत नाहीत.

दोन माणसांच्या मोटारी तेव्हा जुन्या बाजारात पडेल भावात मिळत. घराघरांत आठ-दहा माणसं, पेट्रोल पिणारी दोघांची गाडी घेऊन करायचं काय? काकांनी हिंडून दोन शोधल्या. दोन्ही विलायती बनावटीच्या, एकाच साच्यातल्या, दोन्ही लाल, वर कापडाचं दुमडतं छत. एक कामठीला, छावणीजवळ, एका निवृत्त मेजरसाहेबांकडे. दुसरी सदरमध्ये, एका गॅरेजात. निवडायला आम्ही तिघं निघालो. मला का नेलं? लाल रंगाचा मामला होता. अंगठा नको का?

मेजरसाहेबांच्या अंगणात कडुलिंबाखाली ती ताडपत्रीत झाकलेली होती. ताडपत्री काढली आणि माझं मन उतरलं. लाल कसला, जुन्या कौलासारखा झालेला. बाबांना मोटारीतलं काही कळत नव्हतं, म्हणून त्यांनी कळत होतं त्याला हात घातला. छत चाचपलं, काठ उलटून पाहिला, नखाने सुतं मोजली आणि म्हणाले, "दुसुती आहे. घट्ट." मेजरसाहेब खूश झाले, त्यांच्या छताचं कौतुक बहुधा पहिल्यांदाच होत असावं. काकांनी इंजिन सुरू करवलं, कान लावला, मग गवतावर पाठ टेकून सरपटत मोटारीखाली गेले. खालून ठक ठक आवाज येत राहिला. बाहेर आले ते केसांत पाचोळा घेऊन. "दादा, खालून खणखणीत आहे."

मग बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी पुढे झाले, अंगठा ओला केला, दारावर रगडला आणि पांढऱ्या रुमालावर टेकवला.

रुमाल लाल.

मी दुसऱ्या ठिकाणी रगडला. पुन्हा लाल. मी रुमाल बाबांसमोर धरला, एखाद्या चोराचा मुद्देमाल धरावा तसा.

"बेटी, पंधरा साल का रंग है," मेजरसाहेब हसून म्हणाले. "धूप खाया हुआ. इतना तो छूटेगा."

"पक्का रंग पन्नास वर्षं सुटत नाही," मी सांगितलं. पल्टनीत उभा जन्म काढलेल्या माणसाला, त्याच्याच अंगणात, त्याच्याच बायकोने केलेलं लिंबाचं सरबत हातात धरून. बाबांनी आपलं सरबत संपवलं, हात जोडले आणि आम्ही निघालो.

परतीच्या बसमध्ये काकांचा धीर सुटला. "अरे दादा, लुगडं नाही ते. लोखंड आहे! उन्हानं वरच्या रंगाचं पीठ होते, ते बोटाले लागते. त्याच्यात काय खोट आहे?"

"रंग सोडते ते वस्तू घरात आणाची नाही, हे कोनं सांगितलं?" मी मधे पडले. "बाबांनीच ना?"

"तू चूप बस वं. डोकं आहे का नुसता अंगठाच आहे?"

बाबा खिडकीबाहेर पाहत होते. एका कारखान्यावरून बस गेली. आतून पॉवरलूमचा धडधडाट आला आणि मागे पडला. ते म्हणाले, "दुसरी पाहू."

दुसरी पाहायला जाताना काकांनी त्यांचा एकुलता एक पांढरा शर्ट घातला होता, आईने खळ देऊन कडक केलेला. सदर म्हणजे साहेब लोकांची वस्ती, तिथे असंच जाऊ नये असं आईचं मत. गॅरेजात मोटार उन्हात काढून ठेवलेली. काय सांगू! ओल्या कुंकवाचा करंडा उघडावा तशी. मी चारही बाजूंनी अंगठा रगडला, दारावर, नाकाडावर, मागे, पुढे. रुमाल पांढरा शुभ्र.

"अरे वा, बाई तर इंजिनिअर आहे," गॅरेजवाला पानाचं तोंड वर करून म्हणाला. मला खरंच वाटलं, की हा जाणकार माणूस आहे.

काका नाक फेंदारून उभे होते. "दादा, नव्या रंगाचा वास येऊन राहिला."

"नवीसारखी ठेवली आहे, म्हणून येते," मी म्हटलं.

काकांनी आतली मॅट उचलायला हात घातला. ती चिकटवलेली होती. "निघत नाही ते, फाटन," गॅरेजवाला म्हणाला. मग काका खाली पाहतो म्हणाले. गॅरेजचा खड्डा एका ट्रकने अडवलेला, आणि मोटारीखालची जमीन काळ्या तेलाने चिकचिकीत. काकांनी शर्टाकडे पाहिलं, जमिनीकडे पाहिलं आणि तरी गुडघे वाकवले. तेव्हा मी त्यांचा दंड धरला.

"काका, आईनं कालच धुतला तो शर्ट! मोटारीले काय उलटी बाजू राहते?"

हे मी म्हटलं. ज्या घरात हातभर कापडसुद्धा उलटं करून पाहिल्याशिवाय कोणी घेत नाही, त्या घरातली मुलगी मी. काका अर्धे वाकलेले तसेच थांबले. गॅरेजवाल्याने लगेच सांगून टाकलं, की संध्याकाळी रायपूरचं गिऱ्हाईक येऊन राहिलं.

"अंगठा काय म्हणते?" बाबांनी विचारलं.

"पक्का."

"मंग झालं."

त्या रविवारी मटण नेहमीपेक्षा दुप्पट झालं. चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फुटला, आणि गल्लीतल्या प्रत्येकीला मी रंग कसा पारखला ते सविस्तर सांगितलं. पहाटे ताणा पसरायला मोटार आड यायची, तर शेजारी कुरकुर न करता ती ढकलून द्यायचे. बाबा विणता विणता उठून बाहेर जायचे, कुणाच्या बोटांचे ठसे असतील ते धोतराच्या सोग्याने पुसायचे आणि परत येऊन बसायचे.

पहिली वरात मागच्याच गल्लीतली. किराणा दुकानदाराचा मुलगा, अंगाने भरलेला, पुढे काकांशेजारी बसलेला. मोटारीला मोगऱ्याच्या माळा. मे महिन्याची संध्याकाळ, रस्ता अजून तापलेला, बँड पुढे. मोटार मुंगीच्या पावलाने, बाजूने बाबा हातात फडकं घेऊन चालत. आमच्या दारासमोर वरात आली आणि मी मैत्रिणींच्या घोळक्यात थोडी पुढे सरकले, म्हणजे मोटार कोणी निवडली असं कोणी विचारलं तर सांगायला सोपं.

नवरदेवाचे दोस्त ओरडले, "बसला काय बे? उभा राय! नाच!" नवरदेव उभा राहिला. दोन्ही हात वर करून एकदा उडी मारली. दुसऱ्यांदा मारली. तिसऱ्यांदा वर गेला आणि खाली आला तो जरा जास्तच खाली आला.

बँडमुळे आवाज ऐकू आला नाही. दिसलं एवढंच, की नवरदेव एकदम वीतभर बुटका झाला. मोटारीचा तळ फाटून त्याचे दोन्ही पाय रस्त्यावर टेकले होते. काकांचं लक्ष पुढे, मोटार चालूच. म्हणून नवरदेवही चालू लागला. फेटा, मुंडावळ्या, गळ्यात हार, आणि मोटार नेसलेला माणूस आमच्या दारासमोरून दहा-पंधरा पावलं चालत गेला. नाचणाऱ्यांना वाटलं, ही काहीतरी नवी तऱ्हा आहे. त्यांनी शिट्ट्या मारल्या. एक बूट मागच्या चाकाखाली आला. नवरीच्या बहिणींनी लपवायच्या आधीच तो मोटारीने लपवला. मग नवरदेवाने "काका, थांबवा ना!" अशी किंकाळी फोडली आणि मोटार थांबली.

बँड थांबला. एक पिपाणी उशिरा थांबली. वरबाप गर्दीतून पुढे आला, लालबुंद. "कोन्या आंधळ्यानं पसंत केली ही मोटार?"

काकांनी तोंड उघडलं. मी पाहिलं, त्यांची नजर माझ्यावर आली. माझा अंगठा मुठीत कधी गेला ते मला कळलं नाही. त्याच मैत्रिणी माझ्या दोन्ही बाजूंना होत्या आणि त्यातली एकही माझ्याकडे बघत नव्हती.

"मी," बाबा म्हणाले.

बाबा वाकले, फडक्याने पत्र्याची धार दाबून धरली आणि नवरदेवाचा एकेक पाय सांभाळून वर काढला. काढताना म्हणाले, "बापू, आम्हा विणणाऱ्यायचे पाय जन्मभर खड्ड्यातच राहतात. तुमचे आजचा दिवस." आधी बँडवाले हसले, मग नवरदेव स्वतः हसला, आणि मार खाण्यापासून आम्ही वाचलो. तो एका बुटात पायी मांडवात गेला. मी घरात गेले. "मी नाही, माझ्या मुलीनं" असं बाबा म्हणाले नाहीत, आणि "बाबांनी नाही, मी" असं मी म्हणाले नाही. त्या वाक्याला फार तर दोन पावलं लागली असती. माझ्या आयुष्यात मी पुष्कळ वाह्यातपणा केला, त्याची मला फारशी लाज नाही. त्या दोन पावलांची आहे.

सकाळी काकांनी मॅट सुरीने कापून काढली. खाली पत्र्याचे तुकडे, भोकं बुजवायची लांबी, गोणपाट, आणि या सगळ्यावर तोच सुंदर पक्का लाल रंग. बाबांनी गोणपाटाचा तुकडा बोटांत चोळला, त्याचा चुरा झाला. ते सदरला गेले. गॅरेजवाला म्हणाला, तुमच्या पोरीनं चार जागी पाहून घेतली, माझं काय चुकलं? हे मला काकांकडून कळलं. बाबांनी परत येऊन मला इतकंच विचारलं, "जेवली का?"

मग कामठी. पहाटेची बस, अंधार पडता परत. आमच्या घरातला दुसरा मागही थांबला आणि मला दुपारी झोपच येईनाशी झाली. बाबा जेवताना दिवसाची हकीकत सांगत, त्यात एक गोष्ट वरचेवर यायची. "आज पण दिसली मेजरसाहेबाची मोटार. एक मास्तर चालवते आता. चांगली चालून राहिली." ते मला टोचायला सांगत नव्हते. दिसली, म्हणून सांगत. टोमणा असता तर मी उलट बोलले असते आणि जेवले असते.

दिवाळीत सुट्टी होती. बाबांनी भिंतीला टेकलेला सागवानी पाट काढला, काकांनी करवत आणली. आई म्हणाली, "सासऱ्याचं बसणं आहे ते." बाबा म्हणाले, "बसूनच राहीन ते. जागा बदलली फक्त." दोन तुकडे करून, खाली लोखंडी पट्ट्या देऊन त्यांनी तो मोटारीच्या तळाला बसवला. या वेळी काका आधी मोटारीखाली गेले आणि अर्धा तास बाहेर आले नाहीत. पुढच्या लग्नसराईत त्याच किराणा दुकानदाराने दुसऱ्या मुलासाठी मोटार मागितली. मात्र नवरदेवाने नाचायचं नाही अशी अट त्याची त्यानेच घातली. मोटार अकरा वर्षं चालली. माझा नवराही तिच्यातच पणजोबांच्या पाटावर पाय ठेवून आला, आणि त्याला कोणी काही सांगितलं नव्हतं तरी पाय जरा उचलूनच बसला होता. पण तिने घर उचलून धरेपर्यंत बाबांचे दोन उन्हाळे कामठीत गेले, आणि मशीनच्या धडधडाटात त्यांचा डावा कान.

पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले तेव्हा मी धीर केला. दुपारची वेळ, बाबा ओट्यावर. मी उजव्या कानाशी बसले. "बाबा, त्या दिवशी वरातीत तुम्ही 'मी' म्हटलं. पसंत तर मी केली होती."

त्यांनी बाळ माझ्या मांडीवरून उचलून घेतलं. म्हणाले, "अंगठा तुझा होता वं. पन त्याले शिकवलं कोनं?" आणि बाळाच्या अंगावरच्या झबल्याचा काठ उलटा करून पाहू लागले.

माझा नातू मिहानातल्या एका कंपनीत नोकरीला आहे. गेल्या महिन्यात त्याला जुनी स्पोर्ट्स गाडी घ्यायची हुक्की आली. फोनवर फोटो पाठवायचा, ही कशी, ती कशी. शेवटची एक लाल, आरशासारखी. "आजी, हिचा रंग बघ! रुमालाची टेस्ट करू का?" घरात या अंगठ्याची चेष्टा ठरलेली आहे. मी म्हटलं, "रुमाल राहू दे. कोणता शर्ट घातला तू?" पांढरा, ऑफिसचा, म्हणाला. म्हटलं, "छान. तोच घालून जा."

संध्याकाळी फोटो आला, खाली लिहिलेलं, "खालून खणखणीत." त्यात गाडी नव्हतीच. त्याचा पाठमोरा शर्ट होता, कॉलरपासून खालपर्यंत तेलाने काळा.

मी लिहिलं, घे.